सिरसाळा ते हैद्राबाद: एक वीत, दोन बोटं

सिरसाळा

सिरसाळ्याहून हैद्राबाद एक वीत आणि दोन बोटांवर आहे. हे मोजमाप माझं नाही. माझी थोरली बहीण अक्का सिरसाळ्याच्या देशमुखांकडे दिलेली, आणि हे मोजमाप तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या दाजींचं. त्यांनी मास्तरांकडून नकाशा मागून आणला. त्यात सिरसाळा सापडेना, म्हणून परळीच्या डोक्यावर शाईचा ठिपका देऊन त्यांनी गाव वसवलं, तिथून हैद्राबादेपर्यंत दोरा ताणला आणि तो दोरा वितीला लावून पाहिला. पुण्याहून आठवड्यानं येणाऱ्या वर्तमानपत्रात कुणा साहेबानं विमानातून केलेल्या सफरीची हकीकत आली होती आणि घंट्याला किती मैल तेही दिलं होतं. दाजींनी भागाकार केला आणि चावडीवर जाहीर केलं की सिरसाळा ते हैद्राबाद ही दोन घंट्यांची वाट आहे.

तेव्हा सिरसाळ्याला रेल्वे नव्हती. पक्की सडकही नव्हती, आणि पावसाळ्यात शेजारच्या गावाला जायचं तर आधी नाल्याची मर्जी पाहावी लागे. विमान गावात कुणी पाहिलेलं नव्हतं, दाजींनीही नाही. तरी गावानं माना डोलावल्या, कारण देशमुखांच्या बोलण्यावर मान डोलावण्याची वहिवाट विमानापेक्षा जुनी होती. एका म्हाताऱ्यानं तर विमानाला वैरण किती लागते तेही विचारलं, आणि दाजींनी त्याचंही उत्तर दिलं.

हा सगळा खटाटोप यमुनेसाठी होता. यमुना अक्काची एकुलती एक लेक. तिला हैद्राबादचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा दफ्तरात नोकरीला, बाप गोविंदराव तिथंच चांगल्या हुद्द्यावर, कुळात काही खोट नाही. शिवाय मुलाची आई राधाबाई सोनपेठची, म्हणजे सिरसाळ्याहून पाच कोसांवरची लेक. सासू आपल्याच भागातली मिळते म्हणून दाजी हरखून गेले होते आणि शब्द दिल्यातच जमा होता. गाडं अडलं होतं ते अक्कापाशी. "लई लांब हाय," एवढंच ती म्हणे, आणि दाजींनी दोरा काढला की उठून चुलीकडे जाई.

आमच्याकडच्या बायका कोस मोजत नाहीत, मैल तर नाहीच नाही. त्यांचं माप दशमीचं. दुधात मळलेली ज्वारीची दशमी थंडीच्या दिवसांत तीन-चार दिवस टिकते. लेक द्यावी ती दशमी टिकेल एवढ्या वाटेवर. त्याच्यापुढं दिली तर ती दिली नाही, टाकली, असा अक्काचा आणि तिच्या जावांचा कायदा होता. या कायद्यावर अपील नाही.

म्हणून मला बोलावणं आलं. मी आंबेजोगाईला वकिली करतो. सरकारी कागदात त्या गावाला मोमिनाबाद म्हणतात, पण कागदात काय, मलाही विद्वान म्हणतात. मी गेलो तर अक्का दाराआड, दाजी ओसरीवर आणि मी मधे. चारचौघांत अक्का नवऱ्याशी सरळ कधी बोलली नाही. जे काय सांगायचं ते "बापू, तुझ्या दाजींना सांग" असं माझ्या तोंडून. दाजी हाताच्या अंतरावर बसून ते ऐकत आणि उत्तरही मलाच देत. कोर्टात दुभाष्याला मेहनताना मिळतो, इथं नुसता चहा.

शेवटी दाजींनी स्थळ बघायला हैद्राबादेला जायचं ठरलं, आणि अक्कानं माझ्या हाती दशम्यांचं गाठोडं दिलं. वाटेत खायला वेगळ्या भाकरी होत्या, या दशम्यांना हात लावायचा नव्हता. "बापू, त्यांचा दोरा मला कळत न्हाई," ती म्हणाली. "तू सोबत जा. विहिणीच्या दारात ही गाठ सोड आन् एक दशमी तोडून खा. आंबली असंल तर आंबली म्हण. माझ्यापाशी वकिली करू नको."

दाजी माझ्याकडं बघून म्हणाले की विमान सुरू झाल्यावर दशमी तव्यावरची ऊन ऊन पोचंल, हे तुमच्या बहिणीला सांगा. मी सांगितलं.

गाडीत बसताना यमुना पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, विचारायची रीतच नाही. तांब्या देताना ती हळूच म्हणाली, "मामा, तिथून परत येता येतं ना?" मी म्हटलं, अगं वेडे, मग आम्ही काय तिकडंच राहायला निघालो का? ती हसली, आणि मला आपण पोरीला टोलवल्यासारखं वाटलं.

सोनपेठ

पहिला मुक्काम सोनपेठला, राधाबाईंच्या माहेरी, त्यांचे बंधू नरहरराव यांच्याकडं. पौष सरत आला होता आणि ज्वारी हुरड्यात होती. आगटी पेटवून त्यांनी आम्हांला असा हुरडा खाऊ घातला की दाजी पाऊण घंटा विमानाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. सोबत जवसाची चटणी, गूळ आणि मातीच्या गाडग्यातलं दही होतं. चटणी इतकी जहाल की मला मधेच उठून आडावर जावं लागलं. पाणी ओढलं तर तेही मचूळ. तोंडाची आग काही कमी झाली नाही, वर मिठाची चव तेवढी आली.

नरहरराव बहिणीची थोरवी सांगत होते. तिच्याकडं मोठा वाडा आहे, नळाचं पाणी आहे, बग्गी आहे, आता तर रेल्वे झाली, काय सांगावं. मी हुरडा चोळता चोळता सहज विचारलं की ताई माहेरी कधी आल्या होत्या. ते म्हणाले, येतील की, आता काय, रेल्वे झाली. मग त्यांनी मला आणखी दही वाढलं. कोर्टात साक्षीदारानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला सोडला नसता. पण दही गोड होतं.

निघताना नरहररावांची आई भिंतीला धरत धरत ओसरीवर आली. तिला आता नीट दिसत नव्हतं. तिनं माझा हात चाचपून धरला. "तिकडं चाललाव व्हय? माझ्या राधीला बगून या. जाड झाली का वाळली, तेवढं मला सांगा." मी हो म्हटलं. आमची गाडी वेस ओलांडून गेली तरी म्हातारी ओसरीवर उभीच होती.

गंगेत

गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. थंडीत पाणी उतरलेलं असतं, गाड्या उतारानं पात्रात घालतात आणि बैलांच्या पोटापर्यंतच्या पाण्यातून पलीकडं जातात. आमची गाडी मध्यावर आली आणि दाजींना व्याख्यानाची सुरसुरी आली. उजव्या हातानं आभाळ दाखवत ते गाडीत उभे राहिले आणि सांगू लागले की विमानाला नदी म्हणजे काहीच नाही, त्याला खाली पाणी आहे की माळ आहे हे कळतसुद्धा नाही. तेवढ्यात उजवं चाक वाळूच्या खड्ड्यात बसलं. दाजींना मात्र खाली पाणी आहे हे चांगलंच कळलं.

पाणी कमरेएवढंच होतं, पण पौषातलं होतं. पागोटं पुढं वाहत निघालं, ते गाडीवानानं काठीनं अडवलं. मी दशम्यांचं गाठोडं डोक्यावर धरून बसलो होतो. दाजी आधी माझ्याकडं आणि मग गाठोड्याकडं पाहून म्हणाले, "वकील, मी बुडालो असतो तरी तुमी त्या दशम्याच वाचवल्या असत्या." खोटं कशाला बोला, अक्काला तोंड मला द्यायचं होतं. पलीकडच्या काठावर गवऱ्यांची शेकोटी केली आणि दाजींचं धोतर वाळेपर्यंत आम्ही बसून राहिलो. त्या दिवसापुरतं विमान जमिनीवरच राहिलं.

परभणी

परभणीच्या टेसनावर पोचलो तर गाडी नुकतीच सुटलेली. पुढची कधी, म्हणून विचारलं तर बाबूनं चष्म्याच्या वरून आमच्याकडं असं पाहिलं की जणू आम्ही त्याच्या घरात शिरलो होतो. उद्या, तो म्हणाला, आणि खिडकी लावून घेतली. मग परभणीत राहिलो. धर्मशाळेतल्या ढेकणांबद्दल मी लिहिणार नाही; त्यांनी आमच्याबद्दल चांगलंच बोलावं असं त्यांना खायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी फलाटावर दाजींनी बिऱ्हाडासह बसलेल्या सगळ्या उतारूंना विमानाचा हिशोब समजावून सांगितला. एक मारवाडी, दोन बागवान आणि नांदेडला निघालेलं एक वऱ्हाड. हे सगळे लोक रेल्वेला उशीर का म्हणून चिडलेले होते, दाजींमुळं ते रेल्वेच नको म्हणू लागले. मी तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो. परत आलो तर दाजी ओठ पुसत होते आणि गाठोड्याची गाठ सुटलेली होती.

त्यांनी सगळ्या दशम्या खाल्ल्या होत्या. बोलून बोलून भूक लागली, भाकरी संपलेल्या होत्या, आणि चव कशी आहे ते बघू म्हणून एक तोडली, ती फारच चांगली होती. पुराव्याचा मुद्देमाल आरोपीनं साक्षीदारासमक्ष गिळला, असा खटला माझ्या हयातीत दुसरा नाही. आता अक्काला काय सांगायचं, मी विचारलं. दाजी म्हणाले, "सांगा की खराब झाल्या न्हाईत. झाल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या का?" मी रिकामं फडकं झटकून त्याची घडी घातली आणि तिकिटं खिशात टाकली. रेल्वेत आम्ही नांदेड जाईपर्यंत दोन खिडक्यांतून दोन दिशांना पाहत होतो.

हैद्राबाद

हैद्राबाद मोठं देखणं शहर आहे, यात वाद नाही. टांगे, शेरवान्या, अत्तराची दुकानं, बांगड्यांची दुकानं, आणि कुणालाही कसलीही घाई नाही. आमच्याकडं पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी आणि मग गूळ. तिथं आधी तशरीफ, मग मिजाज, मग वालिदसाहेबांची तब्येत, मग पान, आणि पाणी या सगळ्यांच्या मागून येतं. गोविंदराव काचिगुड्याजवळ राहत. शेंडी शाबूत, संध्या चुकत नाही, पण अंगात शेरवानी, डोक्याला रूमी टोपी, आणि मराठी अशी की तीन शब्दांमागं दोन उर्दू. सकाळी सकाळी त्यांनी आम्हांला मसुरीची खिचडी आणि तीळ-चिंचेचा खट्टा वाढला. पहाटे उठून कुणी एवढं खातं हे मी प्रथमच पाहिलं. दुसऱ्या दिवशी मीही खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी मागून घेतलं.

दाजींना शहर नको होतं, विमान हवं होतं. विमान कुठं उतरतं म्हणून ते प्रत्येक टांगेवाल्याला विचारत. शेवटी एकजण म्हणाला, बैठो हुजूर, आणि आम्हांला शहराबाहेर एका मैदानावर घेऊन गेला. तिथं शेळ्या चरत होत्या. विमान कुठाय, मी विचारलं. त्यानं अदबीनं सांगितलं की जागा हीच आहे, अजून आलेलं नाही. मी भडकलो. दाजी मात्र त्या शेळ्यांच्या मधोमध उभे राहून बराच वेळ आभाळाकडं पाहत होते, आणि परत येताना समाधानानं म्हणाले की जागा तर बघून झाली, म्हणजे निम्मं काम झालं.

मुलगा बरा होता. शांत, निर्व्यसनी, बापासमोर मान वर न करणारा. गोविंदराव अंतराच्या प्रश्नावर दाजींच्याही पुढं गेले. "देशमुखसाहेब, फासला आता कुठं राहिलाय? संध्याकाळी गाडीत बसा, सकाळी परभणी. मुलगी हवी तेव्हा येईल." मी विचारलं की वहिनी सोनपेठला कधी जाऊन आल्या. ते म्हणाले, "परसोंच तर." हैद्राबादेत परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस, हे मला तोवर कळलेलं होतं, पण दाजींनी मान डोलावली. मोठ्या माणसाच्या शब्दाला मान डोलावण्याची चाल फक्त सिरसाळ्याचीच नाही, हे पाहून मला बरं वाटलं नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी गोविंदराव दाजींना शहर दाखवायला घेऊन गेले आणि मी पोट बिघडल्यामुळं घरी राहिलो. त्या खट्ट्याची शिक्षा. राधाबाईंनी मला ओव्याचं पाणी दिलं आणि दाराशी बसून तांदूळ निवडू लागल्या. मी जाड की वाळलेली ते पाहून घेतलं. त्या फार वाळल्या होत्या, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. बोलता बोलता दशम्यांची गोष्ट निघाली. अक्काचा कायदा सांगितला, दाजींचा गुन्हा सांगितला. त्या इतक्या हसल्या की सुपातले तांदूळ सांडले. मग हसणं थांबलं आणि त्यांनी विचारलं, "सोनपेठला आडाचं पाणी प्यालात का हो?"

प्यालो, मी म्हटलं, मचूळ होतं, तोंड वाईट झालं.

"तेच ते," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू कुणी माहेरचं लुगडं पुढं ठेवलं. मी आईचा निरोप सांगितला. आई उठती-बसती का, भिंत धरून का होईना चालती का, दिसतं का, हे सगळं त्यांनी दोन-दोनदा विचारलं. दिसत नाही हे मी दोन्ही वेळा सांगितलं नाही.

मी विचारलं, शेवटच्या कधी गेलतात?

त्या तांदूळ गोळा करत म्हणाल्या, "लग्न होऊन आले ती आले. एकदा निघाले होते. टेसनापर्यंत गेलते. तिथं यांचा माणूस पळत आला, घरी पावणे आलेत म्हणून. मग टांगा तसाच फिरवला." कुणाची तक्रार करतेय असा आवाजच नव्हता. "या घराच्या मागून रेल्वे जाती. कोणती शिट्टी परभणीच्या गाडीची, ते मला कळतं आता."

पक्षकार खोटं बोलत असला की मला बोलायला सुचतं, खरं बोलला की पंचाईत होते. संध्याकाळी त्यांनी ज्वारीचं पीठ दुधात मळलं आणि आमच्या परतीसाठी दशम्या केल्या. त्या थापतानाचा आवाज त्या घरात कुणाला ओळखीचा नसावा, कारण गोविंदराव येऊन विचारून गेले की हे काय चाललंय.

पुन्हा सिरसाळा

वाटेत सोनपेठला उतरलो. म्हातारीनं माझा आवाज ओळखला. मी सांगितलं, जाड झाल्यात. तिनं हात जोडले. कोर्टात मी आयुष्यभर खोटं बोललो ते पोटासाठी, हे खोटं फुकट बोललो.

सिरसाळ्यात ओसरीवर पुन्हा तेच इजलास, म्हणजे आमचं घरगुती कोर्ट, बसलं. अक्का दाराआड, यमुना तिच्या मागं, दाजी लोडाला टेकून. दाजींनी सांगितलं की घराणं उत्तम, शहर उत्तम, आणि विमान उतरायची जागा डोळ्यांनी पाहून आलो. अक्कानं माझ्याकडून दशमीचं गाठोडं घेतलं, एक तोडून खाल्ली. ताजी होती. मग तिनं विचारलं, ही कुणी केली? मी म्हटलं, विहीणबाईंनी. हात आपल्याकडचा हाय, ती म्हणाली. मग म्हणाली, "बापू, त्या सोनपेठला कधी येऊन गेल्या?"

खरं सांगितलं. लग्नानंतर एकदाही नाही. टेसनावरून टांगा कसा फिरवला तेही सांगितलं. सोनपेठच्या ओसरीवर म्हातारी कशी उभी होती तेही.

दाजी चुळबुळले. मला म्हणाले, "त्या काळी रेल्वे नवी होती. आता विमान निघालं की समदं बदलंल. दोन घंटे, वकील, दोन घंटे!"

"बापू," अक्का म्हणाली, "इचार त्यांना, सिरसाळ्याहून आंबेजोगाई विमानानं किती?"

दाजींचा चेहरा फुलला. इतक्या दिवसांत अक्कानं विमानाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं. त्यांनी नकाशा पसरला, दोरा लावला. दोरा बोटाच्या पेरातच संपला. "ते काय," दाजी म्हणाले, "तोंडातलं पान चघळून व्हायच्या आत!"

"आता इचार," अक्का म्हणाली, "आई गेली तवा मी कवा पोचले."

मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, उत्तर आम्हां तिघांनाही माहीत होतं. आईनं अंथरूण धरलं तेव्हा मी सिरसाळ्याला माणूस धाडला होता, मग दुसरा धाडला, मग स्वतः आलो होतो अक्काला न्यायला. खळ्याचे दिवस होते. दाजी म्हणाले होते, बैल खळ्यावर आहेत, मोकळे झाले की धाडतो, एवढं काय, आंबेजोगाई काय लांब आहे. अक्का पोचली ती तेराव्याच्या जेवणाला. त्यानंतर ती आमच्या दारात आलेली नाही. मी न्यायला आलो की कधी पेरणी असे, कधी राखण, कधी कुणाचं बाळंतपण.

दाजींच्या हातात दोरा तसाच होता. अक्का दाराच्या बाहेर आली. आवाज चढला नव्हता. "बापू, तुझ्या दाजींना सांग. लांब-जवळ हे रस्त्यात नसतं. धाडणाऱ्याच्या मनात असतं. सोनपेठची लेक आधी सोनपेठला येऊ दे. आईच्या मांडीवर डोकं ठेवू दे तिला. ज्या वाटेनं सासू आली, त्या वाटेनं माझी यमी येईल. सासूचीच वाट मोडली असंल, तर सून यायची कुठून?"

दाजी उठले आणि मळ्यात गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. नकाशा ओसरीवर तसाच पसरलेला होता, तो यमुनेनं गुंडाळून ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगतो. दाजींनी स्वतः हैद्राबादेला कळवलं की राधाबाई सोनपेठला आल्याशिवाय सुपारी फुटणार नाही. त्यावर गोविंदरावांकडून पाहुणे, दफ्तर, थंडी, प्रकृती, अशी सगळी कारणं आली. दाजी हटले नाहीत. एकुलती लेक देशमुखांची, हुंडा देशमुखांच्या तोलाचा, ही गोष्ट गोविंदरावांच्या हळूहळू ध्यानात आली, आणि जी वाट अवघ्या संसारात सापडली नव्हती ती फाल्गुन लागता लागता सापडली. विमानाबद्दल मला माहीत नाही, पण हुंड्याइतकं वेगवान वाहन मी तरी पाहिलेलं नाही.

राधाबाई आल्या. मी तेव्हा तिथं नव्हतो. नरहररावांनी सांगितलं की म्हातारीनं लेकीच्या मनगटापासून दंडापर्यंत हात फिरवला आणि म्हणाली, तो वकील मेला खोटारडा. राधाबाई महिनाभर राहिल्या. गोविंदरावांनी बोलावण्यावर बोलावणी धाडली, त्यावर अक्कानं सोनपेठला निरोप दिला की सुपारीचा मुहूर्त विहीणबाई सांगतील तेव्हाचा. महिना सरल्यावर राधाबाईंनी मुहूर्त सांगितला आणि यमुनेची सुपारी फुटली.

आंबेजोगाई

सुपारी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत निघालो होतो. पहाटे पाहतो तर दारात गाडी जुंपलेली, आणि धुरेवर कासरा धरून दाजी. देशमुखांनी स्वतः गाडी हाकायची म्हणजे गावानं तोंडात बोट घालावं. त्यात खळी ऐन भरात, सगळ्या गावाचे बैल मळणीवर. कारभारी येऊन दबकत म्हणाला की मालक, ही जोडी खळ्यावर लागंल. दाजी म्हणाले, ज्वारी कुठं पळून जात नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वकील, तुमच्या बहिणीला म्हणावं बसा."

अक्का आधी हललीच नाही. मग आत गेली, लुगडं बदललं, डब्यात काय काय भरलं आणि येऊन बसली. परळीपाशी सावलीत गाडी सोडली, बैलांना पाणी दाखवलं, भाकरी खाल्ली. पुढचा चढ लागला तेव्हा दाजी खाली उतरून बैलांच्या बरोबरीनं चालले. सोंगाड्यासारखं बोलणारा माणूस दिवसभर गप्प म्हणजे मलाच कसंतरी होत होतं. मी दोनदा विमानाचा विषय काढला. त्यांनी नुसतं हूं केलं.

दिवेलागणीला आमच्या दारात गाडी थांबली. माझी बायको भाकरतुकडा ओवाळायला धावली. अक्का गाडीतून उतरली. आई जिथं तुळशीपाशी बसायची ती जागा, पडवी, मागचं दार, सगळ्यांवरून तिची नजर फिरली. मग ती वळली आणि आम्ही आलो त्या रस्त्याकडं बघत राहिली.

"एवढंच होतं व्हय?" ती म्हणाली.

दाजी बैल सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.